कार्बपासून सायलेन्सरपर्यंत : एक प्रस्तावना

जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल उभी करायला घेतली की पैसे आधी जातात रंगावर, मग क्रोमवर आणि मग सीटवर. इंजिनाची पाळी आली की बोअरिंग होतं, नवा पिस्टन आणि रिंगा येतात, क्रँकचे ऑईल सील बदलतात. इथवर कुणाचे मतभेद नसतात. वाद पेटतो तो यानंतर. सायलेन्सर मूळचाच ठेवायचा की बनवून घ्यायचा? कार्ब एक नंबर मोठा बसवावा का? एअर फिल्टरचा डबा काढला की पिकअप वाढतो म्हणतात, ते खरं का? गॅरेजात जितकी माणसं तितकी उत्तरं, आणि प्रत्येक उत्तरामागे कुणाच्या तरी गाडीचा दाखला. ही पुस्तिका एवढ्या एका वादापुरती आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं : हवा आत घेणारं टोक आणि धूर बाहेर टाकणारं टोक यांचे निर्णय सुटेसुटे घेता येत नाहीत. ते घेण्याआधी एकच गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे आपली गाडी बहुतेक वेळ कोणत्या आरपीएमवर चालणार आहे.

हे हुपरीत बसून लिहावंसं वाटलं याला कारण आहे. हातकणंगले तालुक्यातलं हे गाव चांदीच्या दागिन्यांचं. पैंजण, वाळे, तोडे, साखळ्या इथं घरोघरी घडतात. चांदीची आटणी, जंत्रीतून तार ओढणं, टाकणखार टाकून डाग देणं, शेवटी पॉलिश, ही कामं इथली मुलं येता-जाता पाहत मोठी होतात. तासाभराच्या आत कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या आहेत. बुश बनवून घ्यायला, पत्र्याचे शंकू वळवायला, ब्लॉक बोअर करून घ्यायला लांब जावं लागत नाही. पण सोय जिथं मोठी, तिथं मोहही मोठा. केसाएवढ्या भोकाचं काम ज्याच्या हातातलं आहे, तो मेन जेटचं भोक सहज थोडं मोठं करून पाहतो. ज्याच्याकडे गॅसची ज्योत आहे, तो सायलेन्सर कापून आतली बफल काढतो. हात कुशल आहेत, हत्यारं चोख आहेत. कमी पडतं ते काय आणि का कापायचं याचं गणित. ते पुढं आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि ती झाकण्या-उघडण्याचं काम पिस्टनच वर-खाली होताना करतो. पिस्टन खाली येऊ लागला की आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो, जळलेला वायू बाहेर धावतो. मग ट्रान्स्फर पोर्ट उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबलं गेलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण वर येतं. घोटाळा इथंच आहे. ताजं मिश्रण आत येत असताना बाहेरचं दार उघडंच असतं. त्यातलं काही न जळताच सायलेन्सरमध्ये निघून जातं. टू-स्ट्रोक गाड्यांचं ॲव्हरेज कमी, धूर जास्त आणि शेवटी प्रदूषणाच्या नियमांपुढे त्यांची हार, या सगळ्याचं मूळ या उघड्या दारात आहे. सायलेन्सरचा आकार महत्त्वाचा ठरतो तोही याच दारामुळे.

पोर्ट उघडताच दाबाची एक लाट पाईपमधून पुढे धावते. वाटेत पाईप रुंद होऊ लागला की तिथून उलट ओढणारी, म्हणजे शोषणारी लाट मागे परतते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचून काढते. पुढे पाईप पुन्हा अरुंद झाला की तिथून दाबाची लाट परत फिरते. ती नेमकी पोर्ट बंद होण्याच्या आत पोचली, तर दारातून निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. भरलेल्या एसटीच्या दारात लोंबकळणाऱ्यांना कंडक्टर आत रेटतो आणि मगच दार लागतं, तसंच हे. कंडक्टर लवकर आला तर माणसं पुन्हा बाहेर, उशिरा आला तर गाडी सुटलेली. म्हणजे सगळा खेळ वेळेचा.

ही वेळ मोजता येते. उदाहरणादाखल एखाद्या इंजिनाचा एक्झॉस्ट पोर्ट क्रँकच्या १६० अंशांपुरता उघडा राहतो असं धरू. ५,००० आरपीएमला हे १६० अंश फिरायला सेकंदाचा साधारण १८७वा भाग लागतो. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५२० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात लाट जाऊन परत येण्यासाठी पोर्टपासून शेवटच्या शंकूपर्यंतची लांबी सुमारे १.३९ मीटर हवी. तेच इंजिन ८,००० आरपीएमला जोरात चालावं असं वाटत असेल, तर लांबी ०.८७ मीटरवर येते. अर्ध्या मीटरहून जास्त फरक. एकच पाईप दोन्ही ठिकाणी सारखा चालणार नाही हे इथं स्पष्ट होतं. आखूड पाईप लावला की गाडी वरच्या वेगात उसळते आणि खालच्या वेगात मरगळते. दुसऱ्याच्या गाडीचा पाईप मागवून बसवणाऱ्यानं कळत-नकळत त्या गाडीचा आरपीएमही मागवलेला असतो.

हे गणित गॅरेजात बसून कुणाला सुचलेलं नाही, ते शर्यतीत घडलं. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात पाईपातल्या लाटांचा बारकाईनं अभ्यास केला, आणि १९६१ पर्यंत त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवरपर्यंत, म्हणजे लिटरमागे दोनशेपर्यंत पोचलं. त्याच वर्षी त्यांचा चालक अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीत दाखल झाला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, सुझुकीच्या गाडीवर त्यानं ५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. पाईपाची विद्या अशी जपानला पोचली, आणि तिथून जपानी गाड्यांबरोबर आपल्याकडे. पोटात फुगलेला तो पाईप आजही पाहायचा असेल, तर कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर रोटॅक्स मॅक्सच्या कार्टिंग फेऱ्या होतात तेव्हा जावं. १२५ सीसीचं, एकाच सिलिंडरचं, रीड व्हॉल्व्हचं ते टू-स्ट्रोक सीनियर गटात ११ हजारांच्या वर आरपीएमला तीसेक हॉर्सपॉवर देतं. पाहून हात शिवशिवतात. पण ते इंजिन खालच्या आरपीएमला राहतच नाही, आणि आपली गाडी तिथंच राहते.

आपली गाडी म्हणजे कोणती? पुस्तिकेत तीन घराणी घेतली आहेत. पहिलं म्हैसूरचं. आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा निघाली, १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा २५० चं सिलिंडर ६५ मिलिमीटर बोअरचं आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचं. लांब स्ट्रोक, हळू फिरणं, खालून ओढणं हा तिचा स्वभाव. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, त्यामुळे एक कोंदला आणि दुसरा मोकळा राहिला तर गाडी आजारी कशानं हे पटकन उमगत नाही. इंजिन चालू करून दोन्ही तोंडांशी हात धरला की झोतातला फरक लगेच कळतो. दुसरं घराणं राजदूतचं. शेतकऱ्याची आणि दूधवाल्याची १७५ सीसीची राजदूत, आणि तिचंच नाव लावून १९८३ पासून एस्कॉर्ट्सनं काढलेली यामाहाची दोन सिलिंडरवाली ३५०. या ३५० चे दोन प्रकार होते : हाय टॉर्क ३०.५ हॉर्सपॉवरचा आणि लो टॉर्क २७ चा. तिसरं घराणं यामाहा आरएक्स १०० चं, १९८५ ते १९९६. बोअर ५०, स्ट्रोकही ५०, ९८ सीसी, साडेसात हजार आरपीएमला ११ हॉर्सपॉवर. मूळचीच चपळ गाडी, म्हणून तिच्यावर प्रयोगही सर्वांत जास्त झाले.

या तिघींचा हवा घेण्याचा मार्गही वेगळा आहे. जावा-येझदीत इनलेट पोर्टसुद्धा पिस्टनच उघडतो. खालच्या आरपीएमला पिस्टन खाली येताना काही मिश्रण कार्बमधून मागे फवारलं जातं. कार्बच्या तोंडाशी, फिल्टरच्या आतल्या बाजूला पेट्रोलचा ओलावा दिसतो तो याचाच. आरएक्स आणि राजदूत ३५० मध्ये यामाहानं मधे रीड व्हॉल्व्ह बसवला. पातळ पात्यांची ही झडप हवा आत जाऊ देते, मागे येऊ देत नाही. म्हणून आरएक्सचं कार्ब थोडं मोठं केलं तरी ती खालच्या वेगात निभावून नेते, येझदी तसं निभावत नाही. आता मोठ्या कार्बचं गणित. २४ मिलिमीटरच्या कार्बऐवजी २८ चं लावलं, तर भोकाचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. इंजिन तेवढीच हवा ओढत असेल, तर तिचा वेग चौथाईहून जास्त घटतो. वेग घटला की जेटमधून पेट्रोल ओढणारा दाब घटतो, मिश्रणाची फवारणी जाडीभरडी होते. ॲक्सिलेटर पिळला की गाडी आधी गुदमरते आणि मग पळते ती यामुळे. मोठं कार्ब मोठ्या आरपीएमचं. आरपीएम वाढवणारा पाईप नसेल, तर त्याचा उपयोग पेट्रोलपंपवाल्यालाच.

मग इथल्या रस्त्यांना काय हवं? गळीत हंगामात हुपरी-इचलकरंजी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जावं लागतं. त्यात धूळ, पाचट आणि कारखान्याची राख. इथं खालून ओढणारं इंजिन हवं आणि एअर फिल्टर जागेवर हवा. फिल्टरचा डबा काढून उघडं कार्ब ठेवलं की पहिले चार दिवस गाडी हलकी वाटते. कारण उघड आहे : हवा जास्त जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तीक्ष्ण वाटतं. मग धूळ आत जाते, आणि टू-स्ट्रोकमध्ये ती आधी क्रँकच्या बेअरिंगवरून, मग पिस्टन-रिंगांवरून फिरते. ताजं बोअरिंग आणि नव्या रिंगा एका हंगामात खराब करायच्या असतील, तर याहून सोपा उपाय नाही.

पातळ मिश्रण टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकपेक्षा जास्त घातक का, हे नीट समजून घ्यावं. बऱ्याच जुन्या गाड्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी आलं की वंगणही कमी आलं, आणि नेमकं तेव्हाच तापमान वाढलेलं. दोन्ही एकदम झाल्यावर पिस्टन चिकटतो. यावर ऑईलचं प्रमाण वाढवणं हा उपाय अनेकांना सुचतो. पण टाकीत ऑईल जास्त घातलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल तितकं कमी होतं, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. जेट बदलायचा तर कंपनीचा, नंबर कोरलेला विकत घ्यावा. तारेनं मोठा केलेला जेट किती मोठा झाला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि भोकाची आतली धार बिघडली की दोन सारखे दिसणारे जेट वेगळं पेट्रोल देतात. चांदीच्या तारेला लागू पडणारी नजर इथं अपुरी पडते.

या भागाच्या दोन गोष्टी जेटच्या हिशेबात धराव्याच लागतात. पहिली उंची. हुपरी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाचेक टक्क्यांनी विरळ. इथं अगदी कडेवर, पातळ बाजूला ट्यून केलेली गाडी गगनबावडा उतरून कोकणात गेली की दाट हवेत आणखी पातळ चालते. त्यात घाट उतरताना ॲक्सिलेटर पूर्ण बंद ठेवून गिअरवर गाडी सोडायची सवय. पेट्रोल बंद म्हणजे ऑईल बंद, आणि इंजिन मात्र वेगात फिरतंय. उतारावर अधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलेटर थोडा पिळणं ही जुन्या चालकांची सवय त्यासाठीच होती. दुसरी गोष्ट इथेनॉल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात इथेनॉल काही परकं नाही. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते; उलट सांगायचं तर त्याच हवेला इंधन जास्त लागतं, या मिश्रणात साधारण सात-आठ टक्के. जुना जेट तसाच ठेवला तर काहीही न बदलता गाडी पातळ झालेली असते. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं, जुनी रबरं फुगवतं, आणि पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचू शकतं. म्हणून नवा पाईप घेण्याआधी पेट्रोलची नळी, फ्लोटची सुई आणि कार्बची रबरं बदलावीत, आणि एक पायरी जाड जेट घालून प्लगचा रंग पाहावा. चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरट असेल तर थांबावं.

पाईप बनवून घ्यायचाच असेल, तर पुस्तिकेच्या तिसऱ्या भागात मापं दिली आहेत. त्यातलं एक माप इथंच सांगतो, कारण तिथं सर्वांत जास्त नुकसान होतं. शेवटची बारीक नळी, जिच्यातून धूर अखेर बाहेर पडतो, ती बेंड पाईपच्या व्यासाच्या साधारण ६० टक्के असते. दाब टिकावा म्हणून ती फार बारीक केली, तर उष्णता पाईपात कोंडते आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडेपर्यंत पोचते. फार मोठी केली तर परतणारी लाट दुबळी पडते आणि हाती फक्त आवाज उरतो. पोर्टजवळचा सांधा वेल्डिंगचाच हवा. डाग इथल्या कारागिराला कितीही सोपा वाटला, तरी पोर्टजवळची उष्णता आणि इंजिनाची थरथर त्याला पेलत नाही.

सायलेन्सर कापण्याचा, बफल काढण्याचा मोह यात सर्वांत जुना. बफल काढल्यानं आवाज वाढतो आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखं वाटतं. मूळ सायलेन्सर हा त्या कारखान्यानं त्या इंजिनाच्या पोर्टशी जुळवलेला पाईपच आहे, त्याच्या आतले पडदे आणि भोकंही त्या हिशेबातच धरलेली आहेत. आपल्याकडे आलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत तो बिघडलेला नसतो, काजळीनं कोंदलेला असतो. एक्झॉस्ट पोर्ट खरवडून, बफल जाळून किंवा कॉस्टिक सोड्यात भिजवून साफ केली की हरवलेला जोर परत येतो. एवढं मात्र लक्षात ठेवावं की कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, त्यामुळे हेड किंवा ॲल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात टाकू नये.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. आवाज-धुराच्या नियमांचा भंग झाला तर कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. जुन्या गाडीच्या मालकाला आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात भरीव बदल झालेला नसावा. साठ-सत्तरच्या दशकातल्या जावा आज या दाराशी पोचल्या आहेत, सगळ्यात जुन्या आरएक्स २०३५ मध्ये पोचतील. आज मूळ सायलेन्सर भंगारात विकणारा उद्या तोच दुप्पट-तिप्पट भावानं शोधत फिरेल. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हे ठरवण्याआधीच ध्यानात घ्यावं. रोज बाजारात न्यायची गाडी आणि रॅलीत न्यायची गाडी, या दोन गाड्यांना दोन वेगळी उत्तरं आहेत.

पुस्तिकेची मांडणी कामाच्या क्रमानं केली आहे, वाचनाच्या सोयीनं नाही. पहिल्या भागात फक्त तपासणी : ऑईल सील, गॅस्केट, इनलेटचं रबर, काजळी. क्रँकचा सील गळत असेल तर इंजिन बाहेरची हवा ओढतं आणि मग कोणताही जेट बरोबर ठरत नाही, म्हणून ही पायरी ओलांडून पुढचं वाचू नये. दुसऱ्या भागात फिल्टर, कार्ब आणि जेट. तिसऱ्यात पाईप, आरपीएमनुसार लांबीच्या कोष्टकासह. एका वेळी एकच बदल, बदलानंतर तोच रस्ता, आणि प्लगचा रंग वहीत लिहिलेला, हा नियम तिन्ही भागांत पाळला आहे. दोन बदल एकदम केले तर कोणामुळे काय झालं हे कळत नाही, आणि गॅरेजातला वाद जिथं होता तिथंच राहतो. काढलेला मूळ भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून, त्यावर गाडीचा नंबर लिहून ठेवावा. या तीन भागांत सुचवलेला प्रत्येक बदल बोल्ट सोडून पुन्हा मूळपदावर आणता येतो. पोर्ट घासून मोठे करणं हा एकच बदल परतवता येत नाही. तो चौथ्या भागात आहे, आणि पहिले तीन पुरते झाल्याशिवाय तो उघडू नये अशी विनंती आहे. बहुतेकांना तोवर त्याची गरज उरलेली नसेल.

हुपरी, जि. कोल्हापूर